तेहतीस लाद्यांची साठेबाजी

प्रति,
मा. बाजार व परवाना अधिकारी,
बाजार कार्यालय, दुसरा मजला, खोली क्रमांक सात.

विषय : बर्फाच्या साठेबाजीच्या आरोपाखाली माझ्या वखारीला लावलेले सील, परवाना मरण्याच्या आत काढून मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, जी माझ्या दारावर चिकटवलेली आहे व खालच्या बाजूने भिजली आहे, आणि त्याच दिवशीचा जप्तीचा पंचनामा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खाली सही करणारी अर्जदार आपणास कळविते की,

१. आधी तक्रारदाराच्या वागण्याबद्दल. नोटिशीत ज्यांना "तक्रारदार, विक्रीप्रमुख, बर्फ कारखान्याचे थेट विक्री केंद्र" असे लिहिले आहे, तो माझा मधला मुलगा आहे. त्याने तक्रारीत मला चार वेळा "सदर महिला" म्हटले आहे. या सदर महिलेने त्याला नऊ महिने पोटात आणि सव्वीस वर्षे घरात ठेवले. साठेबाजीचा गुन्हा लावायचाच असेल तर तिथे लावावा, बर्फाला लावू नये. तो आजही माझ्याच घरी जेवतो. सील लागले त्या दिवशीही जेवला, आणि दुसऱ्यांदा मागून घेतले.

२. मी चार इयत्ता शिकले आहे. आपल्या कार्यालयाच्या पायरीवर टंकयंत्र घेऊन बसणारा गृहस्थ म्हणाला, मावशी, मी लिहून देतो, त्यातला राग तेवढा काढून टाकू. मी त्याला सांगितले की राग काढला तर खाली नुसता पत्ता उरेल. म्हणून हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. "उपरोक्त", "सदर" हे शब्द आपल्याच नोटिशीतून घेतले आहेत. ते कुठे चुकीच्या जागी बसले असतील तर आपल्याकडेही ते तसेच बसलेले आहेत.

३. धंद्याची माहिती अशी. मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी बर्फाची वखार आहे. ती सासूबाईंकडून माझ्याकडे आली, त्याला एकतीस वर्षे झाली. कारखान्यातून लादी येते, ती आम्ही भुशात आणि गोणपाटात ठेवतो, करवतीने कापतो, आकड्याने ओढतो आणि मासळीवाल्यांना विकतो. समोर दुसरी वखार होती, तिच्या मालकाला सगळे करवतवाला म्हणत. एकतीस वर्षांत तो आणि मी एकमेकांशी गोड बोललो नाही. त्याने भाव एकाने उतरवला की मी एकाने उतरवायचा. मी चढवला की तो पाटीकडे बघून हसायचा आणि माझी गिऱ्हाइके पळवायचा, मग मला झक मारून पुन्हा खाली यावे लागायचे. बर्फाला उद्या नसतो. दुपारपर्यंत ज्याच्या भुशात जास्त लाद्या उरल्या, त्याने आधी नमते घ्यायचे. या रोजच्या भांडणात कोणी बंगला बांधला नाही आणि कोणी उपाशी झोपले नाही. मासळीवाल्यांना बर्फ वाजवी भावात मिळत होता. तो आमच्या चांगुलपणामुळे मिळत नव्हता, आम्ही दोघे एकमेकांचे तोंड बघत नव्हतो म्हणून मिळत होता. हे आपल्या खात्याने लिहून ठेवण्यासारखे आहे.

४. गेल्या वर्षी कारखान्याने आमच्याच गल्लीच्या तोंडाशी स्वतःचे विक्री केंद्र काढले. पांढऱ्या फरशा, काचेचा दरवाजा, आत थंड हवा. बर्फ विकायला थंड हवा कशाला लागते हे मला अजून कळलेले नाही. त्या केंद्रावर नेमायला त्यांना जगात दुसरा माणूस मिळाला नाही. माझा मधला माझ्या हाताखाली करवत चालवायचा. कोणती बाई किती नेते, कोण उधार मागते, कोणाला तुकडा जास्त घातला तर ती सात दिवस दुसरीकडे जात नाही, हे त्याला तोंडपाठ. ते त्याला मी शिकवले होते. कारखान्याने त्याला गणवेश दिला आणि माझी एकतीस वर्षे त्याच्या डोक्यात घालून फुकट नेली. यावर जप्ती झाल्याचे ऐकिवात नाही.

५. आता भावाचे ऐका. कारखाना आम्हा वखारवाल्यांना लादी वीसला देत होता. त्याच कारखान्याच्या केंद्रावर तीच लादी कोणालाही सोळाला. मी कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि समजावले की बाई, ठोक भाव वेगळा आणि किरकोळ भाव वेगळा. ठोक भाव किरकोळीपेक्षा चढा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. मग ही विहीर एकाचीच असताना तो आम्हाला पाणी महाग देऊन वर आमच्याच दारात स्वस्त पाणपोई का घालतो, असे मी विचारले. ते म्हणाले, स्पर्धा आहे. मी म्हटले, विहीर त्याची, दोर त्याच्याच हातात, आणि बादली आमची, याला स्पर्धा म्हणत नाहीत, याला आंघोळ घालणे म्हणतात.

६. याबाबत मी आपल्याच कार्यालयात दोन वेळा तोंडी तक्रार केली. पहिल्या वेळी आपल्या तपासनीसांनी मला सांगितले की आजी, भाव कमी होतोय म्हणजे लोकांचा फायदाच आहे, खात्याला कमी भावाशी भांडण नाही. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, तुम्हीपण कमी करा की. वीसला घेऊन पंधराला विकण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला खाते पगार देते, म्हणजे खात्याकडे पैसा बराच असला पाहिजे. तीन महिन्यांत करवतवाल्याने वखार बंद केली आणि तो लेकीकडे राहायला गेला. जाताना माझ्या दाराशी थांबला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "आता तू एकटी. भांडायला कोणी नाही म्हणून मरशील." मी त्याला चहा दिला नाही. पण तो खरे बोलला होता.

७. प्रत्यक्ष घटना पुढीलप्रमाणे. केंद्राला वरून हुकूम होता की वखारीच्या पाटीवर जो भाव असेल त्यापेक्षा दोनाने कमी लिहायचे. हा हुकूम मला माझ्याच स्वयंपाकघरात कळला, कारण मधला सुनेला सांगत होता आणि त्याला हळू बोलणे लहानपणापासून जमलेले नाही. रोज पहाटे तो काचेच्या दारातून बाहेर यायचा, माझी पाटी वाचायचा, आत जायचा आणि दोनाने कमी लिहायचा. मी अठरा लिहिले तर सोळा. मी पंधरा लिहिले तर तेरा. असे दोन आठवडे पाहिले. मग माझ्या लक्षात आले की तो फक्त पाटी बघतो. पाटीमागे वखारीत काय आहे ते बघत नाही. त्याला तसे बघायला सांगितलेलेच नव्हते.

८. पाटीवर भाव लिहायला बर्फ लागत नाही, खडू लागतो. जप्तीच्या आदल्या दिवशी माझ्या वखारीत भुशाखेरीज काही नव्हते. मी पाटीवर सहा लिहिले. मधला बाहेर आला. पाटीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. मी गोणपाट झटकत होते. तो आत गेला आणि त्याने चार लिहिले. वीस घालून घेतलेला माल मी सहाला कशी विकेन, एवढा प्रश्न माझ्या हाताखाली वाढलेल्या माणसाला पडायला हवा होता. पडला असेलही. पण हुकूम दोनाने कमीचा होता, डोक्याचा नव्हता.

९. केंद्रावर "एका व्यक्तीस दोन लाद्या" असा फलक आहे, तो मी मोडलेला नाही. त्या सकाळी मासळीवाल्या तेवीस जणींनी प्रत्येकी दोन लाद्या रांगेत उभे राहून, रोख पैसे देऊन, पावती घेऊन विकत घेतल्या. पैसे माझे होते, हे मी लपवत नाही. शेचाळीस लाद्या चारच्या भावाने माझ्या वखारीत आल्या. हातगाडीच्या सात फेऱ्या झाल्या. मोठ्या टोपलीवाली, जी आमच्या बाजारात सगळ्यात कमी बोलते, ती शेवटची लादी भुशात लोटताना म्हणाली, "मावशी, स्वतःच्या पैशानं स्वतःच मार खाणारा कारखाना मी पहिल्यांदा बघतेय." यात चोरी कुठे आहे, साहेब? कारखान्याने ज्या भावाला विकले त्या भावाला आम्ही घेतले. तपासनीसांनी सांगितले होते की कमी भाव म्हणजे लोकांचा फायदा. लोकांमध्ये मी येत नाही का?

१०. दुसऱ्या दिवशी मी पाटी पुसून कोरी ठेवली. मधला पहाटे बाहेर आला आणि कोऱ्या पाटीसमोर उभा राहिला. कोऱ्या पाटीतून दोन वजा कसे करायचे हे त्याला सांगितलेले नव्हते. तो आत गेला, फोन लावला, पुन्हा बाहेर आला, पुन्हा बघितले. अकरा वाजेपर्यंत केंद्रावर भाव नव्हता, म्हणून विक्री नव्हती. काचेच्या आत लाद्या होत्या, बाहेर बायका होत्या आणि मधे माझा मुलगा फोन कानाला लावून उभा होता. तेवढ्या वेळात मी तोंडी पंधरा सांगून तेरा लाद्या विकल्या. चारचे पंधरा झाले, नफा झाला. नोटिशीत त्याला "नफेखोरी" म्हटले आहे. महोदय, ती वखार आहे, धर्मशाळा नाही. वर्षभर मी तोट्यात विकत होते तेव्हा कोणी माझ्या दारावर "तोटेखोरी" असा कागद चिकटवला नाही.

११. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता तपासनीस दोन शिपाई घेऊन आले. पंचनाम्यात लिहिले : "भुशाखाली दडवून ठेवलेल्या अवस्थेत तेहतीस लाद्या आढळल्या." भुशाखाली बर्फ दडवत नाहीत, ठेवतात. उघड्यावर ठेवला असता तर पंचनाम्यात ओल आढळली असती. मी त्यांना हात जोडून, होय, जोडून, सांगितले की साहेब, काय जप्त करायचे ते करा, पण माल आजच विका, पैसे खात्यात ठेवा, गुन्हा सिद्ध झाला तर ते तुमचे. ते म्हणाले, "आजी, जप्त माल हा पुरावा आहे. सुनावणीपर्यंत त्याला हात लावता येत नाही." मी म्हटले हा पुरावा उद्यापर्यंत तरी थांबेल का ते त्याला विचारा. ते म्हणाले, कायदा मालाचा प्रकार बघत नाही. मग दाराला कुलूप, कुलपाला फडके, फडक्याला लाख. आणि माझ्याकडून एक कागद सही करून घेतला की जप्त माल सुस्थितीत माझ्या जबाबदारीवर आहे व त्यात घट आढळल्यास मी दंडास पात्र राहीन. घट! मी सही केली, कारण न केल्यास करवत आणि आकडेही नेऊ म्हणाले.

१२. पुढे काय झाले ते सांगण्यासाठी शिकलेला माणूस लागत नाही. पहिल्या रात्री दाराखालून ओघळ आला. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाणी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जाळीवाल्याने माझ्याकडे तक्रार केली की त्याचे सूत भिजले. मी आपल्या कार्यालयात येऊन कारकुनांना सांगितले की पुरावा बाहेर चालत येतोय, तो थांबवा किंवा सील काढा. त्यांनी नोंदवही उघडली आणि विचारले, सील तुटले आहे का? मी म्हटले नाही. मग माल आत आहे, असे म्हणून त्यांनी नोंदवही मिटली. पाचव्या दिवशी ओघळ थांबला. आज बारावा दिवस आहे. आपल्या दप्तरात माझ्या वखारीत तेहतीस लाद्या आहेत. माझ्या वखारीत ओला भुसा आहे, आणि या दिवसांत तो कुजतो.

१३. खरी गोष्ट इथे आहे. परवान्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अट आहे की वखार सलग पंधरा दिवस बंद राहिल्यास परवाना आपोआप रद्द होईल. सुनावणी आपण एकोणिसाव्या दिवशी ठेवली आहे. म्हणजे सुनावणीला मी निर्दोष ठरले तरी निर्दोष बाई घरी जाईल आणि वखार कायमची गेलेली असेल. नवा परवाना मागायला मी कारकुनांकडे गेले. त्यांनी अर्जाचा नमुना दिला. त्यात आठव्या रकान्यात "प्रभागातील विद्यमान बर्फ विक्रेत्याचे हरकत नाही पत्र" मागितले आहे. विद्यमान विक्रेता आता एकच आहे. म्हणजे कारखान्याशी भांडण्यासाठी मी कारखान्याची परवानगी आणायची. कोंबडीने कोल्ह्याकडून दाखला आणावा अशी ही सोय ज्याने काढली, त्याला बढती मिळाली असणार.

१४. बाजाराचे काय झाले तेही ऐका, कारण खात्याला लोकांच्या फायद्याची काळजी आहे. सील लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्राने भाव वीस केला. चौथ्या दिवशी सव्वीस. आज चौतीस आहे. कारखाना तोच, पाणी तेच, मुलगा तोच, काचेचा दरवाजा तोच. बदलले ते एवढेच की गल्लीत दुसरी पाटी नाही. कमी भाव हा कारखान्याचा मोठेपणा नव्हता. तो माझ्या पाटीतून दोन वजा करून आलेला भाव होता. माझी पाटी गेली, आता वजा करायला काही उरले नाही. मासळीवाल्या बर्फ कमी घेतात, दुपारी माल वास मारतो, निम्मा फेकतात आणि उरलेला महाग विकतात. आपल्या घरी मासळी येत असेल तर कृपया भाव विचारून पाहावा, आणि वासही घेऊन पाहावा.

१५. मी दया मागत नाही. दया मागायची असती तर व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून रडले असते. खुर्ची चांगली होती. मी खालील गोष्टी मागते. पंधराव्या दिवसाच्या आत सील काढावे. ते शक्य नसेल तर सीलचे दिवस बंद दिवसांत धरू नयेत, कारण वखार मी बंद केलेली नाही, आपण केली आहे. तेहतीस लाद्यांची घट माझ्या माथी मारू नये. ती मारायचीच असेल तर आधी उन्हाला नोटीस काढावी. आणि कारखाना ज्या भावाला किरकोळीत विकतो, त्याहून चढ्या भावाने वखारींना देऊ शकणार नाही, असा एक ओळीचा हुकूम काढावा. एवढी एक ओळ काढलीत तर मी कोणाकडे काही मागायला जिना चढणार नाही. स्वस्त विकायचे असेल तर त्यांनी खुशाल स्वस्त विकावे. मीही विकेन. मला भांडायला येते.

१६. गल्लीतल्या बायका सुनावणीला साक्षीला यायला तयार आहेत. फक्त सुनावणी सकाळची नको, सकाळी त्यांचा धंदा असतो. दुपारी या असे आपण म्हणालात तर त्या येतील. मासळीचा वास येईल, तो सहन करावा लागेल.

आपली, या एका कागदापुरती नम्र,

(सही, अंगठा नव्हे)
लादीवाली
मासळी बाजारामागची गल्ली, सील असलेले दार

दिनांक : सील लागल्याचा बारावा दिवस.

सोबत : १) मूळ परवाना, मागची बाजू वर करून. २) केंद्राच्या तेवीस पावत्या, प्रत्येकी दोन लाद्या, भाव चार. ३) केंद्राची आजची पावती, एक लादी, भाव चौतीस. ४) जप्त मालापैकी नमुना, एक बाटली, बूच घट्ट लावलेले.

ता. क. : नोटिशीच्या शेवटी "तक्रारदारास उद्देशून अर्जदाराचे काही म्हणणे असल्यास" असा रकाना आहे. तो दोन बोटांचा आहे, त्यात माझे म्हणणे मावत नाही, म्हणून इथे लिहिते. म्हणणे मी त्याला आज सकाळी समोरच सांगून आले आहे आणि ते तेवीस जणींनी ऐकले आहे, तेव्हा नोंद करण्यास हरकत नसावी. मी रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर भाव विचारला. त्याने मान खाली घालूनच चौतीस सांगितले. एवढा का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "आई, भाव वरून येतो. माझ्या हातात काही नाही." मी एका लादीचे पैसे मोजले, पावती घेतली, आणि त्याला म्हणाले,

"भाव वरून येतो, बर्फ मागून येतो, पैसे पुढे जातात. मग मधे तू कशाला रे? माझ्या हाताखाली होतास तेव्हा निदान करवत तरी चालवायचास. पाटी टांगायला माणूस लागत नाही, खिळा पुरतो."